सर्व्हिस

जुन्या नियमात रॅली जिंकली तरी गुण मिळायचा नाही,
मिळायची फक्त सर्व्हिस.
आम्ही गळा फाडून ओरडायचो, "सर्व्हिस आपली!"
आणि फळ्यावरचा आकडा तसाच.
एकदा शिवडीला चौदा-चौदावर
वीस मिनिटं नुसती सर्व्हिस इकडून तिकडे फिरली.
मी सेटर. बोटांना चिकटपट्टी.
भिंतीपलीकडे गोदीतला कोळसा,
बाहेर गेलेला चेंडू काळा होऊन यायचा.

घरी मावशी विचारायची,
"सर्व्हिसला लागलीस का गं कुठे?"
लागतेय, म्हणायचे मी.

रेल्वेची ट्रायल होती त्याच महिन्यात गुडघा गेला.
मस्कारेन्हस सर म्हणाले, शिकवायला उडी लागत नाही.
त्यांची पितळी शिट्टी मला दिली, मळक्या दोरीसकट.
दोरी मी अजून धुतलेली नाही.

पतियाळ्याला सहा आठवडे काढून आले,
कॉलेजने नेमलं
तासिका तत्त्वावर.
तास म्हणजे घड्याळाचा.
नेटचं एक टोक गुलमोहराला,
दुसरं केमिस्ट्री लॅबच्या पाइपला,
दोन मीटर चोवीस, खूण केलेल्या काठीने मोजून.
हे बांधायची पंचवीस मिनिटं तासात धरत नाहीत.
रुबिनाच्या अम्मीशी बोलायला भांडुपला गेले,
चार जिने चढून, त्या गुडघ्याने,
तेही नाही.
मे महिना तर धरतच नाहीत,
मेमध्ये मी नसतेच.

मग नियम बदलला.
आता प्रत्येक रॅलीला गुण, पंचवीसला सेट.
पोरींना सांगितलं, यापुढे चूक उधारीवर मिळणार नाही.
मला वाटलं,
बाहेरही बदलला असेल.

अकराव्या वर्षी कायम जागा निघाली.
समोर पाच खुर्च्या, काजूची एक बशी.
"किणी मॅडम, व्हॉलीबॉलमध्ये फ्युचर काय आहे?"
मी म्हटलं, "गुरुवारी. कलिन्याला. साडेनऊला."
कुणी हसलं नाही.
मीही विनोद केला नव्हता,
गुरुवारी खरंच मॅच होती.

जागा तृप्तीला मिळाली.
तृप्ती घरत. तीन वर्षं माझ्या बेंचवर,
पास घेताना मनगट मोडायची.
पीएच.डी. केली पोरीने, उड्यांवर,
किती सेंटिमीटर, किती आठवड्यांनी.
आभाराच्या दुसऱ्या पानावर माझं नाव आहे,
कीणी, वेलांटी चुकवून.
माझ्या मस्टरवर आता तिची सही लागते.

पहिले पंधरा दिवस ती मैदानाकडे फिरकली नाही.
मीही ऑफिसात गेले नाही,
मस्टर शिपायाच्या हाती धाडलं.
सोळाव्या दिवशी संध्याकाळी आली,
जिमखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा कट्ट्यावर ठेवला,
चपला काढल्या,
आणि काही न बोलता मागच्या रेषेपाशी जाऊन
चेंडू वेचू लागली,
फर्स्ट इयरची पोर वेचते तशी,
दोन काखेत, एक हनुवटीखाली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, एक द्या ना मला."
मी पास टाकला.
तिचं मनगट अजून मोडतं.
"मनगट!" मी ओरडले,
"सॉरी मॅडम," ती म्हणाली, डायरेक्टर असून.
पलीकडच्या पोरींचा चेंडू नेटमध्ये अडकला
आणि तिच्या तोंडून निघून गेलं,
"सर्व्हिस आपली!"
पोरी बघत राहिल्या.
एकीने विचारलं, म्हणजे काय मॅडम, गुण कुणाला?
आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं,
सांगायला कुणीच लागलं नाही.

अंधार पडल्यावर नेट सोडलं.
गुलमोहराच्या सालीवर दोरीचा वळ आहे,
माझ्या मापाच्या उंचीवर.
चेंडू मोजले, बाराचे अकरा भरले.
एक लॅबच्या पत्र्यावर असणार.
उद्या शिडी मागायची
तर आता अर्ज तृप्तीकडेच करावा लागेल.